परदेशाची वाट तळोद्यातून निघावी

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तिकडे नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर हवे आहेत आणि इथे तरुणांना काम नाही, म्हणून दहा हजार कुशल माणसे पाठवायचे ठरले. या दहा हजारांत नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा तालुक्यातल्या सोमावल, रेवानगर, रोझवा या धरणग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहतींतली किती मुले असतील? निवड, परीक्षा आणि कागदपत्रांची आजची पद्धत तशीच राहिली, तर बोटावर मोजण्याइतकीही नसतील. त्यांच्या अंगात कसब नाही म्हणून हे होणार नाही. ही वाट मुंबई-पुण्यात सुरू होते आणि तिथपर्यंत पोहोचायला लागणारा कागद आणि पैसा या मुलांकडे नसतो, म्हणून होईल.

ही माणसे कोण, हे आधी स्पष्ट करायला हवे. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या 33 गावांना झळ बसली. त्यात मणिबेली सर्वांत आधी. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान 2 हेक्टर, आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र खातेदार मानायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांना जमीन मिळाली त्यांची नातवंडे आता विशीत आहेत. दोन हेक्टरचे तीन वाटे झाले की प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदोन एकरही येत नाही. ठरवून दिलेल्या तारखेच्या आत सज्ञान न झालेले, नंतर जन्मलेले यांची नावे कुठल्याच घोषित यादीत नाहीत. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण एका दाखल्यावर घरातल्या एकाचेच नाव लागते आणि भरती निघेपर्यंत त्याचे वय उलटते. मग दसरा-दिवाळी झाली की ट्रक येतो आणि टोळी दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे उसाला जाते. धरणाने एकदा उठवलेले घर दर वर्षी सहा महिन्यांसाठी पुन्हा उठते. विस्थापन 2019 मध्ये धरण काठोकाठ भरले तेव्हा संपले, असे समजणाऱ्यांनी हा ट्रक पाहावा.

जगात याच प्रश्नावर गेल्या काही वर्षांत वेगळा विचार झाला. युद्धाने घर सुटलेल्या निर्वासितांना नुसते तंबू आणि धान्य द्यायचे, की त्यांच्या हातातल्या कसबाच्या जोरावर दुसऱ्या देशात रीतसर नोकरी मिळवून द्यायची? कॅनडाने 2018 मध्ये अशी योजना सुरू केली. 2021 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनने छोट्या प्रमाणावर तसेच प्रयोग केले. तिथे ध्यानात आले ते असे की वेल्डर, नर्स, सुतार या लोकांत मुबलक होते. अडत होते ते व्हिसाच्या दारात. व्हिसाचा नियम ज्याने केला त्याने अर्जदाराला घर आहे, बँकेत शिल्लक आहे, प्रमाणपत्रांची फाइल कपाटात आहे, असे गृहीत धरलेले असते. विस्थापिताची फाइल मागे राहिलेली असते. म्हणून दाराची चौकटच थोडी बदलावी लागली: मुदत संपलेला पासपोर्टही विचारात घ्यायचा, दाखवायची रक्कम कर्जाऊ असली तरी चालवायची, कौशल्य प्रत्यक्ष काम बघून तपासायचे.

आपले बुडिताचे लोक निर्वासित नाहीत, ते या देशाचे नागरिक आहेत, मतदार आहेत. पण अडसर तेच. त्यातला पहिला कागद.

कागदाची गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण इथेच सर्वांत जास्त अर्ज मरतात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून, कारण गुरुजींनी प्रवेश देताना ती लिहिली. आधारवर 1 जानेवारी, कारण यंत्राने फक्त वर्ष मागितले. मतदार कार्डावर वयाचा तिसराच अंदाज. नावाचेही तसेच. शाळेत वडिलांचे नाव मधे आणि आडनाव पावरा. आधारवर आडनावच नाही. रेशनकार्डावर ‘सिंग’ लागलेले. गावात याने काही अडत नाही. पासपोर्ट मात्र एका नावाने, एका तारखेने निघतो आणि पुढचा प्रत्येक कागद, म्हणजे वैद्यकीय अहवाल, व्हिसा, करार, तिथले ओळखपत्र, त्या एका ओळीशी ताडून पाहिला जातो. एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर अमिरातीने 2022 पासून पर्यटन व्हिसा देणे बंद केले. म्हणजे आडनाव कुठे लिहायचे हा कारकुनी प्रश्न पुढे विमानतळावर माणूस परत पाठवू शकतो.

दुरुस्तीला क्रम आहे. आधी एकच कागद आधार मानायचा, शक्यतो शाळा सोडल्याचा दाखला. नर्मदाकाठच्या जीवनशाळांतून, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाने चालवलेल्या शाळांतून, शिकलेल्यांना पुढच्या आश्रमशाळेचा दाखला घ्यावा लागतो. मूळ नोंद कुठल्या रजिस्टरला आहे ते शोधण्यातच आठवडा जातो. मग त्याप्रमाणे आधार. इथे जपून राहायचे, कारण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. चुकीच्या कागदावरून बदलली तर पुढे खेटे घालावे लागतात. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात प्रसिद्धी. शाळाच न पाहिलेल्याची जन्मनोंद उशिरा करायची तर वर्षभरानंतरच्या नोंदीला जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे सगळे झाल्यावर पासपोर्टचा अर्ज, शुल्क 1,500 रुपये.

पोलीस पडताळणीत सगळ्यात वाईट फसगत होते. अर्ज जानेवारीत केला, हवालदार पत्त्यावर आला आणि घराला कुलूप. कुटुंब बारडोलीकडे उसाच्या फडात. ‘पत्त्यावर आढळले नाही’ असा शेरा पडला की तो अर्ज उठवायला पुन्हा सगळी पायपीट. म्हणून खान्देशात हे काम आखाजी (अक्षय तृतीया) ते दसरा याच काळात व्हायला हवे. माणूस घरी असतो तो तेवढाच काळ. दाखल्यांची सरकारी शिबिरे मात्र आर्थिक वर्षाच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चात भरतात, जेव्हा अर्धा पाडा रिकामा असतो.

दुसरा अडसर पैशाचा. तो समजायला उसतोडीची उचल डोळ्यांसमोर ठेवावी. मुकादम हंगामाआधी कोयत्याला रक्कम देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती फेडता फेडता हंगाम संपतो आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे ओढून नेते. परदेशाच्या नोकरीत दोर तोच असतो, फक्त ओढणारा बदलतो. तिथे कामगारच पैसे आधी देतो आणि ते गावातल्या सावकाराकडून, पिकावर किंवा बायकोच्या चांदीवर उचललेले असतात.

कायद्याप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. प्रत्यक्षात गावातल्या मध्यस्थापासून मुंबईच्या ऑफिसापर्यंत तीन हात मधे येतात आणि आकडा दुप्पट-तिप्पट होतो. आता हिशेब मांडू. कतारमध्ये 2021 पासून किमान मूळ वेतन महिना 1,000 रियाल आहे, म्हणजे साधारण 22 ते 24 हजार रुपये. राहणे-खाणे मालकाकडे, नाहीतर त्याचा वेगळा भत्ता. समजा माणूस घरी 15 हजार पाठवतो, त्यातले 8 हजार घरखर्चाला आणि 7 हजार कर्जाला. सावकाराचा दर शेकडा 3 रुपये महिना. कर्ज 35,400 चे असेल तर सहा महिन्यांत फिटते. एक लाखाचे असेल तर 19 महिने लागतात आणि करार बहुधा दोन वर्षांचाच असतो. दीड लाखाचे असेल तर 35 महिने, म्हणजे करार संपून माणूस परत आला तरी कर्ज शिल्लक. पहिले दोन महिने पगार लांबला, तर हा हिशेब आणखी बिघडतो. एवढ्या कर्जाखालचा माणूस तिथे मालकाशी भांडू शकत नाही, पासपोर्ट काढून घेतला तरी बोलू शकत नाही, जास्तीचे तास नाकारू शकत नाही. शोषणाची सुरुवात वाळवंटात होत नाही, ती गावातल्या त्या व्याजाने होते.

म्हणून आमचा आग्रह आहे की विस्थापितांसाठीच्या वाटेवर खर्च मालकाने करावा, कामगाराने नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 1997 चे 181 क्रमांकाचा करार हेच तत्त्व सांगतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पण राज्याला स्वतःच्या करारात ही अट घालायला कोणी अडवलेले नाही. केरळने 1977 मध्ये आणि तमिळनाडूने 1978 मध्ये परदेशी नोकऱ्यांसाठी सरकारी महामंडळे काढली. केरळच्या नर्स जर्मनीला ज्या योजनेतून जातात तिच्यात भाषेचा आणि प्रवासाचा खर्च रुग्णालय उचलते. मालकाला माणसाची खरी गरज असली की तो खर्च करतो. जिथे मालक खर्च करायला तयार नाही, तिथे बहुधा नोकरी विकली जात असते.

फसवणुकीची नावे गावात माहीत असायला हवीत. ‘आझाद व्हिसा’ म्हणजे कागदावर एका मालकाचे नाव आणि काम स्वतः शोधायचे. पकडले तर तुरुंग किंवा परत पाठवणी, कारण त्या देशात ते बेकायदा आहे. ‘आधी पर्यटन व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ ही दुसरी. तिसरी कराराची अदलाबदल: इथे सही केली सुपरवायझरच्या पगारावर, उतरल्यावर पुढे केला हेल्परचा अरबी करार. चौथी अगदी साधी, मुलाखतीची फी घ्यायची आणि मूळ पासपोर्ट ठेवून घ्यायचा. यातल्या बहुतेकांवर उपाय दहा मिनिटांचा आहे. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटाचा नोंदणी क्रमांक टाकून परवाना चालू आहे का ते पाहावे. सब-एजंट ही पदवी कायद्यात नाही, त्यामुळे गावात पैसे मागणाऱ्याच्या हाती पैसा देऊच नये. द्यायचा तर परवानाधारकाच्या बँक खात्यात, पावती घेऊन. शंका आली तर 1800-11-3090 या प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या मोफत क्रमांकावर विचारावे.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक, असा शिक्का असतो. आखात, मलेशिया धरून 18 देशांत नोकरीला जाताना त्याला उत्प्रवासी संरक्षक या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते. गावात हा शिक्का कमीपणाचा मानतात आणि तो चुकवायला पैसे देतात. खरे तर तो 1983 च्या कायद्याने दिलेले कवच आहे: करार तपासला जातो, मालकाची नोंद होते, 10 लाखांचा अपघाती विमा निघतो आणि त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी 275 रुपये, तीन वर्षांसाठी 375 रुपये अधिक कर एवढाच. पर्यटन व्हिसावर गेलेल्याला यातले काही मिळत नाही. 12 जून 2024 ला कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात 45 भारतीय मेले. अशा वेळी कागद नीट असलेल्याच्या घरी विम्याची रक्कम तरी पोहोचते. नोंदच नसलेल्याच्या घरी फक्त बातमी येते.

कौशल्याचे काय? खान्देशातला माणूस बरेच काही करतो आणि त्याचा पुरावा त्याच्याकडे नसतो. सुरतेच्या इमारतींवर सळई बांधणारा, शटरिंग ठोकणारा, रावेर-यावलच्या केळीत ठिबकच्या नळ्या जोडणारा, फण्या कापून, धुऊन, निर्यातीच्या पेट्या भरणारा. त्या पेटीला आखातात उतरण्यासाठी सगळी प्रमाणपत्रे मिळतात, ती भरणाऱ्याला एकही नाही. आधीच येत असलेल्या कामाला प्रमाणपत्र देणारे, पूर्वशिक्षण मान्यतेचे छोटे सरकारी प्रशिक्षण आहे, पण तेवढ्यावर परदेशी मालक विश्वास ठेवत नाही. तो ट्रेड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा, घेतो. सौदीने तर अनेक कामांसाठी व्हिसाआधीच कौशल्य चाचणी सक्तीची केली आहे. वेल्डर चांगला असूनही नापास होतो तो बहुधा उभ्या आणि डोक्यावरच्या जोडात, कारण गावात तो कायम टेबलावर आडवा जोड करत आलेला असतो. सळईवाला नापास होतो तो नकाशा वाचता न आल्याने. ही दोन-तीन आठवड्यांच्या सरावाची बाब आहे आणि आयटीआयच्या शेडमध्ये संध्याकाळी होऊ शकते.

जर्मनीचे गणित वेगळे. नर्सिंगसाठी तिथे बी-2 पातळीची भाषा लागते. शून्यापासून तिथवर यायला 45 मिनिटांच्या साधारण 600 ते 750 तासिका. रोज चार तासिका धरल्या तरी सात-आठ महिने, तेही सलग. घरात पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी नावालाच, अशा मुलीला इंग्रजीतून जर्मन शिकवणे म्हणजे दोन भिंती एकदम चढायला लावणे. तिला मराठीतून शिकवा. दोन-तीन भाषांत सहज वावरणाऱ्या मुलांना चौथी भाषा जड जात नाही, मधल्या अनोळखी भाषेचे ओझे जड जाते. आणि त्या महिन्यांत तिला वसतिगृह आणि निर्वाहभत्ता द्या, नाहीतर नोव्हेंबरात ती वर्ग सोडून उसाला जाईल. बारावी झालेल्या आश्रमशाळेच्या मुलींसाठी जर्मनीतले तीन वर्षांचे पगारी, म्हणजे त्यांनाच महिना हजार युरोहून जास्त देणारे, नर्सिंग प्रशिक्षण ही आमच्या मते सर्वांत आशेची वाट आहे. आखातातल्या मजुरीपेक्षा ती लांबची आणि कठीण, पण तिच्या शेवटी कसब हातात उरते.

शरीराबद्दल फार कोणी बोलत नाही. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला, आजार बरा होऊन वर्षे झाली असली तरी, माणूस ‘अनफिट’ ठरतो. तोपर्यंत मुंबईच्या तीन फेऱ्या, फी, एजंटाचा पहिला हप्ता गेलेला असतो. म्हणून एक्स-रे आणि कावीळ ब-क ची तपासणी सर्वांत आधी, जिल्हा रुग्णालयात, पैसे भरण्यापूर्वी. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. ‘एसएस’, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या, रुग्णाला 45 अंशांच्या उन्हात, पाणी कमी पिऊन केलेल्या अंगमेहनतीने जीवघेणा झटका येऊ शकतो. त्याला तिथे पाठवू नये, छपराखालच्या बैठ्या कामाची वाट दाखवावी. ‘एएस’, म्हणजे एकाकडूनच दोष आलेला, वाहक निरोगी असतो, पण त्यालाही अति उष्णतेत पाणी आणि विश्रांती चुकवून चालत नाही. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत या तपासण्या होत आहेत. तो अहवाल माणसाच्या हातात आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यायला हवा. मालकाच्या हातात मात्र जाता कामा नये, नाहीतर वाहक असणे हेच नाकारण्याचे कारण होईल.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. परदेशी नोकरीची भाषा सुरू झाली की पुनर्वसनाची भाषा बंद पडेल, अशी भीती नर्मदा खोऱ्यातले कार्यकर्ते बोलून दाखवतात. ती रास्त आहे. जमीन द्यायची टाळणाऱ्या यंत्रणेला ‘पोरगा दुबईला आहे’ हे वाक्य आयतेच मिळते. माणूस बाहेर असताना काय काय निसटते ते पाहा. ई-पीक पाहणी दर हंगामात मोबाइलवरून स्वतः करायची असते. ती राहिली की सातबारावर शेत पड दिसते आणि नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभाव तिन्ही अडतात. वनहक्क दाव्याच्या जागेवरच्या पडताळणीला दावेदार हजर नसेल तर दावा रेंगाळतो. वसाहतीतल्या जमिनीची मोजणी निघाली आणि हद्दीवर कोणी उभे नसेल तर बांध सरकतो. म्हणून निघण्याआधी घरातल्या कुणाच्या, शक्यतो बायकोच्या, नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र हवे, आणि बँकेचे खाते दोघांचे. पुरुष निघतात तेव्हा हे शेवटच्या आठवड्यात आठवते आणि राहून जाते.

गावे ओस पडतील, हा दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. गावे दर दिवाळीनंतर ओस पडतातच, तेही लेकराबाळांसह, शाळा सोडून. एक जण करारावर, ठरलेल्या पगारावर बाहेर गेला आणि त्यामुळे बाकीचे घर पाड्यावर टिकले, मुले परीक्षेला बसली, तर स्थलांतर घटलेच.

मग करायचे काय? नवे महामंडळ उभे राहायला वर्षे जातील. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल इथे आहेतच. पहिला कक्ष तळोद्यात उघडावा, कारण वसाहती तिथून जवळ आहेत आणि धडगावची एसटी तिथे येते. माणसे तीन पुरेत: कागद जुळवणारा एक, एजंट आणि करार तपासणारा एक, आणि पावरी-भिली बोलणारी एक बाई, जिच्याशी घरातल्या बायका मोकळेपणाने बोलतील. उत्प्रवासी संरक्षकांच्या मुंबई कार्यालयाने महिन्यातून एक दिवस तिथे बसावे आणि प्रस्थानपूर्व प्रशिक्षण तिथेच, लोकांच्या भाषेत व्हावे. प्रकल्पग्रस्त दाखला आज मुख्यतः सरकारी भरतीत चालतो. राज्याच्या परदेशी करारांतल्या प्रशिक्षणाच्या जागांतही तेच 5 टक्के लागू करावेत, आणि एका दाखल्यावर एकच नाव ही अट तिथे नसावी. जर्मन शिकायला एका घरातून दोन बहिणी आल्या तर शासनाचे काही जात नाही. दहा हजारांतले पाच टक्के म्हणजे पाचशे जण. तेवढ्यांचे कागद एका पावसाळ्यात जुळू शकतात.

आणि या कक्षाच्या शासन निर्णयातच एक कलम हवे: परदेशी नोकरी स्वीकारल्याने कोणत्याही घोषित किंवा दावा प्रलंबित असलेल्या विस्थापिताचा जमिनीचा, घराचा किंवा वनहक्काचा हक्क कमी होणार नाही, आणि त्याच्या नावापुढे ‘पुनर्वसित’ असा शेरा मारला जाणार नाही. हे कलम असेल तरच वसाहतीतली माणसे त्या कक्षाची पायरी चढतील.